समोरची मोकळी जागा

डांबरावर टायरचे काळे पट्टे दिसले की माझी पावलं आपोआप ते मोजायला लागतात. सोलापुरात विजापूर रोड, होटगी रोड, बाळ्याच्या पुढे पुण्याचा हायवे, कुठेही गेलं तरी हे पट्टे असतातच. माझं एक पाऊल साधारण पाऊण मीटरचं. सव्वीस-सत्तावीस पावलं भरली की २० मीटर झाले. कोरड्या, चांगल्या डांबरावर चाकं जाम होऊन २० मीटर घासत गेलेली गाडी, चाकं जाम झाली त्या क्षणी ताशी ६० किलोमीटरच्या आसपास होती, हे सांगायला साक्षीदार लागत नाही. पट्ट्याच्या शेवटी ती थांबली नसेल, कशावर तरी आदळली असेल, तर वेग त्याहूनही जास्त. अपघाताचा तपास करणारे याच गणिताने वेग काढतात. वेगाचा वर्ग म्हणजे दोन गुणिले घर्षणाचा गुणांक गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले अंतर. कॉलेजात हे समीकरण मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलोय.

पट्ट्याआधीचा रस्ता मात्र स्वच्छ असतो. त्या स्वच्छ तुकड्यातच ड्रायव्हरला काहीतरी दिसलेलं असतं, दिसलं ते काय आहे हे कळलेलं असतं, पाय एका पेडलवरून दुसऱ्यावर आलेला असतो. २०-२५ मीटर रस्ता तिथेच संपलेला असतो आणि त्याची कुठेही खूण राहत नाही.

अपघाताच्या जागी जमलेल्या लोकांत ब्रेकचा विषय हटकून निघतो. ब्रेक फेल झाला, ब्रेक लागलाच नाही, ब्रेक धरेपर्यंत समोरचा आलाच. ब्रेक खरोखर निकामी होतात, ते मी नाकारत नाही. पण डांबरावर पट्टे उमटलेले असतील तर ब्रेक लागलेला होता. कमी पडली ती समोरची जागा. माझं म्हणणं असं की ही मोकळी जागा ब्रेकचाच एक भाग आहे. पेडल, मास्टर सिलिंडर, ब्रेक ऑइल, लायनर, टायर आणि त्यापुढे रस्त्यावरचे पन्नास-साठ मीटर. यातला एक भाग नसेल तर बाकीचे शाबूत असून उपयोग नाही. पहिले पाच भाग दुकानात मिळतात. सहावा ज्याचा त्याने रस्त्यावर राखावा लागतो, आणि आपल्याकडे नेमका तोच सगळ्यात आधी विकला जातो, दोन-चार सेकंद वाचवण्यासाठी.

वर्गात मी फूटपट्टीपासून सुरुवात करतो. एकाने ३० सेंटिमीटरची पट्टी वरून धरायची, दुसऱ्याने खाली शून्याच्या खुणेशी अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवायची. पहिला न सांगता पट्टी सोडतो, दुसरा पकडतो. बहुतेकांची बोटं १५ ते २० सेंटिमीटरवर मिटतात. खाली पडणाऱ्या वस्तूला २० सेंटिमीटर जायला ०.२ सेकंद लागतात, म्हणजे हात तेवढ्या वेळात हलला. मुलं खूश होतात. मग त्याच मुलाला मी सतराचा पाढा म्हणायला लावतो. ‘सतरा चोक अडुसष्ट’ला पट्टी सोडली की ती बोटांच्या मधून निसटून थेट फरशीवर. ३० सेंटिमीटर पडायला जवळपास पाव सेकंद लागतो, आणि एका पाढ्याने त्याचा हात त्याहून जास्त वेळ बांधून ठेवलेला असतो.

तरी इथे पट्टी पडणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. बोटं उघडी, नजर खिळलेली. रस्त्यावर असं काही नसतं. कुत्रं मध्ये येणार की परत फिरणार, समोरची रिक्षा वळणार की नुसतीच डुलतेय, हे ठरवण्यातच वेळ जातो. म्हणून दिसल्यापासून ब्रेक धरेपर्यंत दीड सेकंद धरणं हा काही आळशी माणसाचा हिशेब नाही, तो भानावर असलेल्या माणसाचा आहे. ताशी किलोमीटरला ५/१८ ने गुणलं की सेकंदाचे मीटर मिळतात. ६० चा वेग म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, दीड सेकंदात २५ मीटर. त्यात मोबाइलवर कुणाचं नाव आलंय हे बघायला दोन सेकंद मान खाली घातली की आणखी ३३ मीटर.

यानंतर खरा ब्रेक सुरू होतो. रस्ता कोरडा, टायर बरे, आणि दर सेकंदाला वेग ताशी २५ किलोमीटरने उतरतोय असं धरू. हा चांगल्या गाडीचा करकचून मारलेला ब्रेक झाला. ४० च्या वेगाला असं थांबायला सुमारे ९ मीटर लागतात. ८० ला? मुलं हमखास १८ म्हणतात. लागतात ३६. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होतं. दीड सेकंदाचा उशीर धरून बेरीज केली तर ४० ला साधारण २६ मीटर, ६० ला ४५, ८० ला ६९ आणि १०० ला ९७.

हा वर्गाचा नियम माणसाच्या मनाला सहजासहजी पटत नाही, आणि यात आमच्या मुलांचा काही दोष नाही. हलत्या वस्तूचा जोर वेगाच्या पटीत मोजायचा की वेगाच्या वर्गाच्या पटीत, यावर युरोपातले मोठमोठे विद्वान कित्येक वर्षं भांडले आहेत. लायबनिझ वर्गाच्या बाजूने होता, न्यूटनला मानणारे बरेचजण विरुद्ध. १७२० च्या दशकात हॉलंडमधल्या विलेम ग्रॅव्हेसांदेने पितळी गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ मातीत टाकून पाहिले. दुप्पट वेगाने पडलेल्या गोळ्याचा खड्डा दुप्पट नव्हता, चौपट होता. या प्रयोगाचं मोल ओळखलं ते फ्रान्सच्या एमिली द्यु शातलेने. १७४० साली तिने तो आपल्या लिखाणात ठामपणे मांडला. न्यूटनचा ग्रंथ फ्रेंचमध्ये आणणारीही तीच. म्हणजे ज्याचा ग्रंथ मनापासून अभ्यासला, त्याच्या अनुयायांशी पुराव्याच्या जोरावर वाद घालायची तिची तयारी होती. तिचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवं, असं मला फार वाटतं.

आमच्याकडे काळ्या मातीला तोटा नाही. ती भिजवून, मळून, परातीत जाड थापतो आणि वरून बेअरिंगची गोळी सोडतो. एकदा पाव मीटरवरून, एकदा एक मीटरवरून. उंची चौपट केली की मातीला भिडतानाचा वेग बरोबर दुप्पट होतो. खड्ड्यात ड्रॉपरने थेंब थेंब पाणी भरून मोजलं की आकडा चौपटीच्या जवळ जातो. मुली हे काम जास्त निगुतीने करतात, थेंब सांडू देत नाहीत. समीकरण पाठ असलेली मुलंही तो दुसरा खड्डा बघून गप्प होतात. रस्त्यावर गाडी म्हणजे हीच गोळी. तिच्यातली ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, आणि जिरवायला जागा लागते.

याच नियमातून आणखी एक गोष्ट निघते, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ब्रेक सारख्या जोराने लागलेला असला तरी अंतराच्या हिशेबात वेग सुरुवातीला हळूहळू उतरतो आणि अगदी शेवटी भराभर. ८० च्या वेगावर ब्रेक मारला, थांबायला ३६ मीटर लागणार आहेत. अर्धं अंतर, म्हणजे १८ मीटर संपले तेव्हा वेग ४० नसतो, ५७ असतो. ४० वर यायला पाऊण अंतर जावं लागतं. शेवटच्या पाव अंतरात उरलेला अर्धा वेग उतरतो. ‘ब्रेक धरतच नव्हता’ असं ज्याला वाटतं, तो खोटं बोलत नाही. पहिल्या पंधरा मीटरमध्ये त्याला खरोखरच तसं जाणवलेलं असतं.

आता शाळा सुटण्याची वेळ घ्या. विजापूर रोडवरून दोन गाड्या शेजारी शेजारी चालल्या आहेत, एक ५० ने, दुसरी ६० ने. एक मूल एकाच क्षणी दोघांना दिसलं. दोघांनाही दीड सेकंद लागला, ब्रेक दोघांचे सारखेच. पहिली गाडी ३५ मीटरच्या आत थांबली. मूल बरोबर तिथे, ३५ मीटरवर आहे. त्या जागी दुसरीचा वेग किती? बहुतेकजण १० सांगतात, कारण दोघींमध्ये फरकच १० चा होता. उत्तर ४२. पहिली जिथे पूर्ण थांबते, तिथे दुसरी मुलाला ताशी ४२ किलोमीटरने धडकते. हा आकडा फळ्यावर आला की मी थोडा वेळ काही बोलत नाही. तीन किलोमीटरच्या त्या पट्ट्यात ५० ऐवजी ६० ने गेल्यामुळे वाचले ते ३६ सेकंद, आणि तेही मध्ये एकही सिग्नल लागला नाही तर.

जिथे पायी चालणारी माणसं आणि गाड्या एकाच रस्त्यावर असतात तिथे वेगाची मर्यादा ३० असावी, असं २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटलं आहे. ३० हा आकडा कुणाच्या मनात आला म्हणून ठरलेला नाही. ३० ला सगळं मिळून साडेसतरा मीटर लागतात. तेवढ्या अंतरात ६० च्या गाडीने ब्रेकला पायसुद्धा लावलेला नसतो. नवी पेठ, मधला मारुती, टिळक चौक या भागात गर्दीच आपोआप वेग ३० च्या खाली ठेवते. धोका आहे तो जुळे सोलापूरसारख्या भागातल्या रुंद, सरळ रस्त्यांवर. रस्ता मोकळा दिसतो म्हणून वेग वाढतो, आणि दोन्ही बाजूंना तर घरंच आहेत.

“जड गाडीला जास्त अंतर लागणारच की, सर,” हा प्रश्न दरवर्षी येतो. समीकरणात वस्तुमान दोन्हीकडे येतं आणि कटून जातं. गाडी जड असली तर थांबवायला बळ जास्त लागतं हे खरं, पण तीच जड गाडी रस्त्यावर जास्त दाबून बसते, त्यामुळे घर्षणही त्याच प्रमाणात वाढतं. कागदावर ट्रक आणि मोटार सारख्याच अंतरात थांबायला हव्यात. प्रत्यक्षात थांबत नाहीत, आणि मुलांची शंका तिथे बरोबर असते. एअर ब्रेकमध्ये पेडल दाबल्यावर हवा नळ्यांतून मागच्या चाकांपर्यंत पोचायला वेळ लागतो. तो अर्धा सेकंद धरला तरी ६० ला ८ मीटर गेले. ट्रकच्या टायरचं रबर जास्त टिकावं म्हणून कडक केलेलं असतं, ते मोटारीच्या टायरइतकं रस्ता धरत नाही. आणि मग उष्णता. २५ टनांचा ट्रक ६० वरून शून्यावर आणताना जी ऊर्जा ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते, तिच्यात नळाचं ११ लिटर पाणी उकळेल.

हैदराबाद रोडला मार्केट यार्डाच्या बाजूला कांद्याचे ट्रक उभे असतात. त्या भागात लायनर बसवणाऱ्या एका मिस्त्रीकडे मी अधूनमधून जाऊन बसतो. त्याने एकदा उघडलेला ड्रम दाखवला. आतून निळसर पडलेला, लायनरवर चकाकी आलेली. हात लावला तर बोट घसरत होतं. “हे तुळजापूरचा घाट न्यूट्रलमध्ये उतरलंय,” तो म्हणाला, “डिझेल वाचवलं आन् लायनर जाळलं.” तापलेलं लायनर ड्रमला धरत नाही, पेडल कितीही दाबा. गिअरमध्ये गाडी असली तर इंजिन ओढ देतं, बरीचशी ऊर्जा तिथे जिरते, ब्रेक थंड राहतो. ती चकाकी त्याने काचपेपरने घासून काढायचा प्रयत्न केला, मग मान हलवली आणि छिन्नी घेऊन जुने रिबीट तोडायला बसला. या माणसाला घर्षणाचा गुणांक मी समजावून सांगावा अशी काही गरज नाही.

म्हणून एसटीचा ड्रायव्हर पुढे जागा सोडून चालतो तेव्हा तो रेंगाळत नसतो. चाळीस-पन्नास माणसांचा ब्रेक तो समोर पसरून ठेवत असतो. आणि आपण काय करतो? जागा दिसली की दुचाकी घालतो, रिक्षा घालतो. तो बिचारा परत वेग कमी करतो, परत जागा करतो, परत कुणीतरी शिरतं. पुणे नाक्यापासून आत येईपर्यंत हा खेळ चाललेला दिसतो. मला याचा खरोखर राग येतो. कारण शिरणारा दुसऱ्याचा ब्रेक काढून घेतोय आणि त्याला ते कळतही नाही.

दुचाकीचं वेगळं आहे. पुढचा ब्रेक मारला की माणूस डोक्यावरून पडतो, ही भीती आपल्याकडे वडील मुलाला गाडी शिकवतानाच देतात. परिणामी पोरं आयुष्यभर नुसत्या पायाने ब्रेक मारतात. वेग कमी होत असताना गाडीचं वजन पुढच्या चाकावर झुकतं, मागचं चाक हलकं होतं. हलकं चाक रस्ता कसा धरणार? ते लगेच जाम होतं आणि शेपूट फेकतं. नुसत्या मागच्या ब्रेकवर ५० ला थांबायला दोन्ही ब्रेकच्या साधारण दुप्पट अंतर लागतं, १४ मीटरच्या जागी २८. दोन्ही ब्रेक एकत्र, दाब वाढवत वाढवत, हँडल सरळ ठेवून, हे रिकाम्या मैदानावर शिकवायची गोष्ट आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस आणि खालच्यांना पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा सक्तीची झाली, ती याचसाठी. एबीएस चाकाला जाम होऊ देत नाही. फिरतं चाक घासत जाणाऱ्या चाकापेक्षा रस्ता जास्त धरतं आणि गाडी वळवताही येते. पण एबीएस नवी पकड तयार करत नाही. रस्त्यावर मुरूम सांडलेला असेल तर त्यालाही मुरमावरच थांबायचं असतं.

आणि मृगाचा पहिला पाऊस. उन्हाळाभर ४२-४३ अंशांत रस्त्यावर ऑइलचे थेंब, रबराची पूड, धूळ साचत गेलेली असते. पहिल्या सरीत हे सगळं मिळून डांबरावर बुळबुळीत थर तयार होतो. नंतरच्या मुसळधार पावसात तो धुऊन जातो, पण पहिला अर्धा तास वाईट. पकड निम्म्यावर आली की ब्रेकचं अंतर दुप्पट होतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. गोटा झालेला टायर कोरड्या रस्त्यावर ठीक वाटतो, म्हणून लोक तो ओढतात. नक्षी असते ती पाणी बाहेर काढायला. ती नसली की टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाणी राहतं, मग ब्रेक पाण्यावर लागतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. कारखान्यांचे बॉयलर पेटले, गव्हाणीत मोळी पडली की या जिल्ह्यातला प्रत्येक रस्ता उसाचा होतो. मोहोळ, टेंभुर्णी, पंढरपूर, अक्कलकोट, मंगळवेढा, कुठेही जा. एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांच्या दोन्ही बाजूंनी फुगलेला ऊस, मागे लोंबणारे वाढे, म्हणजे उसाचे शेंडे. मघाशी मी म्हणालो की वस्तुमान कटून जातं. ते कटतं सगळ्या चाकांना ब्रेक असेल तर. यातल्या कितीतरी ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. सगळा भार थांबवायचा तो ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी. त्या चाकांवर दोन टन वजन आहे आणि एकूण लटांबर २२ टनांचं आहे असं धरलं, तर थांबवणारं बळ हवं त्याच्या अकराव्या भागाएवढंच मिळतं. मोटार २० च्या वेगाला जी सव्वादोन मीटरमध्ये थांबते, तिथे या गाडीला नुसत्या ब्रेकचेच २५ मीटर लागतात. उतारावर तर मागचे वीस टन ट्रॅक्टरला ढकलत असतात. ड्रायव्हरने घाबरून ब्रेक दाबला तर मागची चाकं घसरतात आणि ट्रॅक्टर ट्रॉलीला आडवा होतो. चढावर उलटं. मागचा भार खाली ओढतो, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हातात असून वळत नाही. वर बसलेला मुलगा अनेकदा पंचविशीच्या आतला असतो, रात्री-अपरात्री खेपा करतो, कारखान्याच्या आवारात नंबर लावून जागा राहतो. त्याला दोष देणं सोपं आहे. मला ते बरोबर वाटत नाही.

दिवसा हे निभतं. रात्री निभत नाही. मोटारीचा उजेड डिपरवर साधारण ४०-५० मीटर पुढे नीट दिसेल एवढा असतो. ८० ला थांबायला ६९ मीटर लागतात. म्हणजे ८० ने जाणारा माणूस डिपरवर जितकं बघू शकतो त्याहून जास्त अंतर त्याला थांबायला लागतं, आणि अप्परवर जावं तर समोरच्याचे डोळे दिपतात. वाढ्यांनी ट्रॉलीचे मागचे दिवे झाकलेले, मुळात असलेच तर. वाळलेल्या पाचटाचा रंग रात्री रस्त्याच्या कडेच्या गवतात मिसळून जातो. ट्रॉली २० च्या वेगाने चालत असेल तर निदान फरक ६० चा राहतो. पण स्प्रिंगचा पाटा तुटून किंवा पंक्चर होऊन ती रस्त्यातच उभी असेल तर पूर्ण ८० चा. तिच्या मागे खूण म्हणून काय असतं? चार दगड. कधी बाभळीची फांदी. ट्रॉली दुरुस्त होऊन निघून जाते आणि दगड रस्त्यावर तसेच राहतात, दुसऱ्या दिवशीच्या दुचाकीसाठी.

आमच्या गल्लीतला एक मुलगा अशाच उभ्या ट्रॉलीवर गेला. मोहोळहून घरी परतत होता. जीव वाचला, उजवा पाय गुडघ्याखाली गेला. दवाखान्यात भेटायला गेलो तर पहिलं वाक्य म्हणाला, “सर, मी ब्रेक दाबला होता.” त्याच्या आईकडे बघून पुन्हा तेच. जणू कुणीतरी त्याच्यावर आरोप ठेवला होता. मी त्याला म्हणालो, “तू दाबलाच होतास रे.” माझा त्यावर पूर्ण विश्वास होता आणि आहे. ट्रॉली त्याला दिसली तेव्हाच उरलेली जागा पुरणारी नव्हती. त्याचा हात, त्याचा पाय, त्याची गाडी, यांनी काय करायचं ते केलं होतं.

ती जागा वाढवण्याचा उपाय काही हजारांचाही नाही. ट्रॉलीच्या मागे लाल-पिवळ्या रेडियमचे पट्टे लावले, तर ते प्रकाश इकडेतिकडे न फेकता आला त्याच दिशेला परत पाठवतात, त्यामुळे १५० मीटरवरूनही ड्रायव्हरच्या डोळ्यात चमकतात. ५० मीटरचे १५० मीटर होतात. ८० च्या वेगाला ही साडेचार सेकंदांची भर झाली. दीड सेकंद दचकायला गेला तरी आरामात थांबता येतं. हंगामाच्या सुरुवातीला पट्टे लावण्याचे कार्यक्रम होतात, फोटो निघतात. ते व्हायलाच हवेत. पण पहिल्याच खेपेला पट्टा वाढ्यांखाली जातो. तो ट्रॉलीच्या फळीवर चिकटवून भागत नाही. ऊस भरून झाल्यावर सगळ्यात मागे टांगता येईल अशा कापडी पाटीवर तो हवा, आणि दर खेपेला काट्यावर वजन घेताना कुणीतरी तो पुसून बघायला हवा. काट्यावर प्रत्येक गाडी थांबतेच. तिथला माणूस वजनाची पावती फाडतो, तेव्हाच ही पाटी आहे की नाही हे बघायला दहा सेकंद पुरतात. पाटी नसेल तर पावती नाही, असं एका हंगामात ठरलं तर पुढच्या आठवड्यात प्रत्येक ट्रॉलीमागे पाटी दिसेल.

ट्रॉलीच्या ब्रेकचं काम मोठं आहे, खर्चाचंही. पण ऊसतोडणी आणि वाहतुकीचे करार दरवर्षी उन्हाळ्यात होतात, मुकादमांना उचल दिली जाते, ट्रॅक्टरमालकाशी दर ठरतो. त्याच बैठकीत ट्रॉलीला ब्रेक बसवण्यासाठी उचलीतून वेगळी रक्कम धरता येईल आणि ब्रेक असलेल्या ट्रॉलीला टनामागे थोडा जास्त दर देता येईल. अक्षाला ब्रेक ड्रम बसवणं आणि ट्रॅक्टरपासून मागे नळी ओढणं यात इथल्या मिस्त्रींना न जमण्यासारखं काही नाही. त्या मार्केट यार्डाजवळच्या मिस्त्रीला मी हे विचारलं. त्याने खडूने जमिनीवरच अक्ष काढून दाखवला, ड्रम कुठे बसेल, नळी कुठून जाईल, आणि म्हणाला, “कुणी आणून तर द्या ट्रॉली.” येत्या हंगामाचे करार व्हायच्या आत गावाकडच्या एका ट्रॅक्टरमालकाला मी त्याच्याकडे घेऊन जाणार आहे.